वडगावचा स्लॅब : अर्जावर सही कुणाची?

प्रेषक: अनगोळकर (लेस्टर)

मंडळी, बेळगावातल्या वडगावच्या काकांच्या स्वयंपाकघरातला स्लॅब परवा पुन्हा पडला. काकी भाकरी करून नुकत्याच उठल्या होत्या म्हणून निभावलं. पिठाच्या परातीत सिमेंटच्या खपल्या पडल्यात, फोटो जोडलाय. गंजून फुगलेली सळीही दिसते त्यात. घर ज्या सरकारी बोर्डानं दिलं त्या बोर्डाचा इंजिनिअर येऊन गेला. "तळमजल्यावर कापडाचा माग चालतो, हादऱ्यानं तडे जातात," असं तोंडी सांगितलं, कागद काही दिला नाही. वरच्या टाकीचं पाणी भिंतीतून झिरपतंय, ते त्याला दिसलंच नाही.

आरटीआय, म्हणजे माहिती अधिकाराचा अर्ज, टाकावा म्हणून बसलो तर पहिल्याच रकान्याला अडलो. माझा पासपोर्ट आता ब्रिटिश आहे, ओसीआय कार्ड (परदेशी पासपोर्ट घेतलेल्या भारतीयांना मिळतं ते) आहे. चालतं का? कुणी केलंय का? लवकर सांगा.

प्रेषक: चिटणीस

चालत नाही. कायद्याच्या कलम ३ मध्ये 'सर्व नागरिक' म्हटलंय आणि ओसीआय म्हणजे नागरिकत्व नव्हे. भारतीय पासपोर्ट असलेल्या कुणीतरी सही करा, नाहीतर काकांनी स्वतः करावी.

बाकी ही मेलची यादी मंडळाच्या कार्यक्रमांसाठी आहे याची आठवण करून देतो. २०१९ च्या पुराच्या वेळी इथं निधीवरून काय रामायण झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. हॉलच्या डिपॉझिटच्या मेलला मात्र अजून कुणाचं उत्तर नाही.

प्रेषक: निपाणीकर

अर्ज मराठीतच जाऊ दे! घटनेचं कलम ३५० स्पष्ट आहे : गाऱ्हाणं राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत मांडता येतं. शिवाय जिथं भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांच्या वर, तिथं महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत काढायच्या हे १९५६ च्या पुनर्रचनेपासूनच्या संरक्षणांत येतं. आपणच इंग्रजीत अर्ज करत बसलो तर मग सीमाप्रश्नासाठी सुप्रीम कोर्टात २००४ पासून कशाला भांडतोय?

प्रेषक: खानापूरकर

निपाणीकर, काकांच्या स्लॅबला कोर्टाच्या तारखेची वाट बघायला लावू नका.

कलम ३५० गाऱ्हाण्याला लागू आहे, आणि उत्तर मराठीतच द्यावं असं त्यात नाही. आरटीआयचं कलम ६ वेगळं सांगतं : अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत. बेळगावात ती कन्नड. मराठीत टाकला तर पहिल्याच टप्प्यावर परत करायला त्यांना आयतं कारण मिळेल. आणखी एक : कर्नाटकाच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय, तोही १५० शब्दांत. आपल्या लोकांना नमस्कारालाच तेवढे लागतात.

पण त्याआधीचा प्रश्न कुणी विचारलाच नाही. काका त्या घराचे कोण? भाडेकरू की मालक? ताबापत्र आहे, हक्कपत्र आहे की रजिस्टर झालेलं खरेदीखत? दर महिन्याचे पैसे भाड्याचे की हप्त्याचे? दुरुस्ती कुणाच्या गळ्यात, ते त्यावर ठरणार.

प्रेषक: हिंदवाडीकर (कॉव्हेंट्री)

मागाच्या हादऱ्याचं वाचून हसावं की रडावं कळेना. आमची मावसबहीण इथं हाउसिंग असोसिएशनच्या (स्वस्त भाड्यानं घरं देणाऱ्या संस्थेच्या) फ्लॅटमध्ये राहते. पाळण्यामागची अख्खी भिंत काळ्या बुरशीनं भरलेली. तपासनीस आला, नाक वर करून म्हणाला, तुमच्या स्वयंपाकानं होतं हे, खिडक्या उघडत जा. फोडणीनं बुरशी येते हे ज्ञान आम्हाला तेव्हा झालं! इथल्या हाउसिंग ओम्बुड्समननं (अशा घरांच्या तक्रारी बघणाऱ्या स्वतंत्र अधिकाऱ्यानं) २०२१ मध्ये ओल आणि बुरशीवर अहवाल काढला, त्याच्या नावातच होतं की हा राहणीमानाचा दोष नव्हे. बहिणीनं तो छापून पुढच्या तपासनिसाच्या हातात दिला.

रॉचडेलमध्ये अवाब इशाक नावाचं दोन वर्षांचं पोर डिसेंबर २०२० मध्ये घरातल्या बुरशीनं गेलं. बाप आधीपासून तक्रार करत होता. त्याच्या नावाचा कायदा इंग्लंडात २७ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला. तातडीचा धोका असेल तर २४ तासांत, आणि ओल-बुरशी गंभीर असेल तर कामाच्या १० दिवसांत तपास. मग ३ दिवसांत लेखी सारांश, ५ दिवसांत घर सुरक्षित. तक्रारीला पहिल्या पायरीवर १० दिवसांत उत्तर, दुसऱ्या पायरीवर २०. तरी पटलं नाही तर ओम्बुड्समन, तोही फुकट.

सांगायचं काय, इंजिनिअरकडून लेखी घ्या. तोंडी हादऱ्याला उत्तर देत बसू नका.

प्रेषक: शहापूरच्या मामी

होय की, लेखी घ्या म्हणे! तिकडं घरमालक कोण ते पाटीवर लिहिलेलं असतंय. इथं बोर्ड म्हणतंय घर तुम्हाला देऊन टाकलं, आता तुमचं तुम्ही बघा. महापालिका म्हणते बिल्डिंग बोर्डाची. घरफाळा मात्र वेळेवर पाहिजे.

काल मी जाऊन आले. पावत्या बघितल्या. शिक्का आहे, रक्कम आहे, 'कशापोटी' तो रकाना सगळ्या पावत्यांवर कोरा. काकांना विचारलं तर म्हणतात, "भाडेकरू म्हणून लिहून दिलं आणि उद्या बाहेर काढलं तर?" त्यांचंही चूक नाही बघा. आणि माग बंद ठेवायचा म्हटला तर खायचं काय? वरच्या मजल्यावरच्यानं आपलं घर पोटभाड्यानं दिलंय, त्याला तपासणी नकोच आहे. टाकी त्याच्याच डोक्यावर. म्हणून सगळी बिल्डिंग गप्प.

चिटणीसांना सांगा, ही यादी मी खजिनदार असताना सुरू झाली तेव्हा पहिली मेल एका पोरीच्या भाड्याच्या खोलीबद्दल होती. हॉलबिल नंतर आलं.

प्रेषक: चिटणीस

मामी, मी फक्त नियम सांगितला.

प्रेषक: निपाणीकर

आरटीआयमध्ये जीविताचा प्रश्न असेल तर ४८ तासांत माहिती द्यावी लागते. स्लॅब डोक्यावर पडतोय म्हणजे जीवितच की! आणि सगळं रजिस्टर एडीनं पाठवा, काउंटरवर जाऊ नका. तिथला क्लार्क आपल्याशी झकास मराठी बोलतो आणि मराठी अर्जाला इनवर्ड नंबर देत नाही.

प्रेषक: खानापूरकर

रजिस्टर पोस्ट आता स्पीड पोस्टात विलीन झालंय. स्पीड पोस्टानं पाठवा, पोचपावतीसह. ४८ तासांचं वाक्य फोटो जोडून जरूर घाला, पण ते मान्य करतील या भरवशावर राहू नका. धरून चाला ३० दिवस, त्यानंतर पहिलं अपील.

मामींच्या पत्रात खरी मेख आहे. कोरा रकाना. भाडं म्हटलं तर दुरुस्ती बोर्डाकडे जाते, हप्ता म्हटलं तर खरेदीखत द्यावं लागतं, म्हणून काहीच म्हणायचं नाही. काकांना सांगा, अर्जात स्वतःला भाडेकरूही लिहू नका आणि मालकही. 'रहिवासी' लिहा. ते काय आहेत हे बोर्डाला सांगू दे.

मागायचं काय : वाटपाच्या नोंदवहीतली काकांची नोंद आणि कराराची साक्षांकित प्रत. इमारत कुणाकडे हस्तांतरित केली असेल तर त्याचा कागद. इंजिनिअरच्या भेटीचा अहवाल. अहवाल नाही असं उत्तर आलं तर हादऱ्याची कथा तिथंच संपली. शिवाय कलम २ प्रमाणे कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचा प्रमाणित नमुना घेण्याचा हक्क आहे. पडलेला तुकडा काकींनी टाकून दिला नसेल तर पिशवीत तारीख घालून ठेवा, पण अधिकृत नमुना वेगळा मागा. 'इमारत आमची नाही, नमुना कसा देणार' असं म्हणाले तर मग हस्तांतरणाचा कागद दाखवा म्हणायचं.

प्रेषक: शहापूरच्या मामी

तुकडा आहे. काकी दार लागू नये म्हणून त्याचा टेकू लावतात. आज पिशवीत घालते. सही मी घेते, रेशनकार्डाची झेरॉक्सही. बीपीएल आहे, दहा रुपये फी पडत नाही. वरच्या मजल्यावरच्याशी मी बोलते, त्याची आई माझ्या वर्गातली.

प्रेषक: अनगोळकर (लेस्टर)

इंग्रजी मसुदा जोडलाय. शेवटी "दुरुस्ती कधी करणार आणि विलंबाला जबाबदार कोण?" असं घातलंय, निदान लाज तरी वाटेल. निपाणीकरांचं मराठी गाऱ्हाणं कलम ३५० चा उल्लेख करून वेगळ्या पाकिटातून डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिसला.

प्रेषक: खानापूरकर

शेवटचं वाक्य काढा. आरटीआयमध्ये जाब विचारता येत नाही, असलेला कागद मागता येतो. त्याऐवजी 'या इमारतीच्या देखभालीवर झालेल्या खर्चाच्या नोंदींच्या प्रती' लिहा. जाब निपाणीकरांच्या पाकिटात घाला, तिथं शब्दांची मर्यादा नाही. आणि 'आदरणीय महोदय यांना सविनय' वगैरे काढलंत तर १५० मध्ये बसतंय, मी मोजलंय.