चरख्यामागचे तीन बल्ब
गांधीजी आणि चरख्याचा तो प्रसिद्ध फोटो साबरमतीचा असेल असं कुणाला वाटेल. पण नाही, तो १९४६ सालचा, आपल्या पुण्यातला. ‘लाइफ’ या अमेरिकन साप्ताहिकाच्या छायाचित्रकार मार्गारेट बर्क-व्हाइट यांना आधी सूत कातायला शिका, मगच कॅमेरा काढा, असं सांगितलं गेलं! मला ही अट फार योग्य वाटते. त्यात बापूंचा मौनवार. खोलीत अंधार, फ्लॅशचे बल्ब फक्त तीन वापरायची परवानगी. पहिले दोन वाया गेले, तिसऱ्याने साथ दिली.

फोटो नीट बघा. बापू कातत नाहीयेत, खाली मान घालून कात्रणं वाचताहेत. मागच्या खिडकीतून उजेड येतोय आणि आपल्या अगदी पुढ्यात चरखा, त्यांच्याहून मोठा दिसणारा.