मदत हवी आहे: पक्षाघातानंतर डावीकडचं दिसत नाही

बाबांना पक्षाघात झाला, मेंदूच्या उजव्या बाजूला, पार मागे, दृष्टीच्या भागात. डोळे ठणठणीत आहेत, पण दोन्ही डोळ्यांना डावीकडचं अर्धं दृश्य दिसत नाही. डावीकडचं सगळं उजव्या मेंदूत उमटतं, त्यामुळे चष्मा बदलून उपयोग नाही, असं डॉक्टर म्हणाले. नजरेच्या मध्याला मेंदूत सगळ्यात जास्त जागा असते. त्यातली थोडी शाबूत असावी, कारण समोरचं अक्षर ते नीट वाचतात. पण पेपरात ओळीची सुरुवातच सापडत नाही, 'महाराष्ट्र'चं 'राष्ट्र' होतं. वाचनाशिवाय त्यांचा दिवस जात नाही हो. समासाला लाल पट्टी ठेवली की थोडं जमतं. नजर मुद्दाम डावीकडे वळवायचा सराव कुणी घरी करून घेतलाय का? रोज किती वेळ? पुण्यात शिकवणारं कुणी असेल तर प्लीज कळवा.