‘क्वालिटी ०.७ च्या वर जाऊ देऊ नका’ याचं मराठी?

खाडीकिनारी
महाप्याच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यासाठी मॅन्युअल मराठीत करतेय. मोठ्या इन्व्हर्टरच्या कोल्ड प्लेटमध्ये (आतून नळ्या असलेली, उष्णता ओढणारी धातूची पाटी) पंपाने आर-१३४ए हे रेफ्रिजरंट सोडतात, ते तिथेच उकळतं आणि कंडेन्सरमध्ये पुन्हा द्रव होतं. मूळ सूचना अशी: आउटलेटला क्वालिटी ०.७ च्या वर गेली तर ड्रायआउट होईल. आधीच्या मसुद्यात ‘द्रवाची गुणवत्ता ७० टक्क्यांहून कमी ठेवावी’ असं आहे! ऑपरेटर विचारतात, हलका माल भरायचा का? ‘क्वालिटी’ आणि ‘ड्रायआउट’, दोन्हींना शब्द सुचवा.

वाफारा
गुणवत्तेचा काही संबंध नाही. वाफेचा वजनी वाटा तो. ०.७ म्हणजे किलोत ७०० ग्रॅम वाफ, ३०० ग्रॅम द्रव. बॉयलरवाल्यांना ‘ड्रायनेस फ्रॅक्शन’ तोंडपाठ असतं, तेच ठेवा.

तत्सम
मग मराठी कशाला करायचं? ‘शुष्कतांश’ लिहा. वापरला की रुळतो.

वाफारा
शुष्कतांश वाचून माणूस ओलावा टिपणारा फिल्टर-ड्रायर बदलायला धावेल. ‘वाफेचा वाटा’ लिहा, विषय संपला.

वागळे_इस्टेट
क्वालिटीचं काहीही करा, ड्रायआउटला ‘द्रव आटणे’ तेवढं लिहू नका. आटलं म्हणजे कमी झालं. इथे लूप बंद आहे, द्रव कुठे गेलेला नसतो. नळीच्या भिंतीवरचा पातळ थर तुटतो, भिंतीला नुसती वाफ लागते आणि आयजीबीटीचं (इन्व्हर्टरमधल्या पॉवर स्विचचं) तापमान झपकन चढतं. ‘आटलं’ वाचलं की ऑपरेटर सिलिंडर लावून चार्ज, म्हणजे लूपमधलं एकूण रेफ्रिजरंट, वाढवणार. जादा द्रव रिसीव्हर (द्रव साठवायची टाकी) भरून कंडेन्सरमध्ये साचतो, वाफेला थंड व्हायला जागा उरत नाही आणि प्रेशर वाढतं. वाफ ३० अंशांना द्रव होत असेल तर प्रेशर साधारण ७.७ बार ॲब्सोल्यूट (निर्वातापासून मोजलेलं) असतं, ४० ला १०.२.

खरं दुखणं बहुधा प्रवाहाच्या वाटणीत असतं. समांतर प्लेटांपैकी जिच्यात जास्त उकळतं तिचा रोध वाढतो, द्रव शेजारणींकडे वळतो आणि ती आणखी कोरडी पडते. म्हणूनच प्रत्येक शाखेच्या इनलेटला ओरिफिस (बारीक भोकाची चकती) बसवतात. आधी गाळणी आणि ओरिफिस तुंबलेत का बघायचं, मग पंपाचा प्रवाह. चार्जला हात सगळ्यात शेवटी.

खाडीकिनारी
‘प्लेट कोरडी पडते’ चालेल?

वागळे_इस्टेट
धावेल, ताई.

रबाळे_नाका
शीर्षकात ‘बाष्पीभवन’ आहे का? असेल तर काढा. ऐरोली-रबाळे पट्ट्यात बाष्पीभवन म्हटलं की कूलिंग टॉवर डोळ्यांसमोर येतो. त्यात पाणी हवेत उडतं, उडालेल्याच्या जागी नवं पाणी (मेकअप) द्यावंच लागतं. इथेही रोज भरायचं असा समज होईल. ‘उकळवून थंड करणे’ लिहा.

तत्सम
उत्कलन! शाळेत शिकलोय सगळे.

वाफारा
पण प्लेटच्या शेवटच्या टप्प्यात बुडबुडे जवळजवळ नसतातच. मधून वाफ वाहते आणि कडेचा थर वरच्यावर उडत जातो. ते बाष्पीभवनच.

घोडबंदर_रोड
एवढा खटाटोप करण्यापेक्षा पाणीच फिरवा की.

वागळे_इस्टेट
हिशेब करा. १० किलोवॅटसाठी पाणी १० अंशांनी तापू दिलं तर मिनिटाला सुमारे सव्वाचौदा लिटर लागतं. आर-१३४ए २५ अंशांना उकळताना किलोमागे सुमारे १७८ किलोज्यूल घेतं, म्हणजे वाफेचा वाटा ०.७ धरून मिनिटाला चारेक लिटर. शिवाय गळती झाली तर पाणी शॉर्ट करतं, हे उडून जातं.

तत्सम
त्या १७८ ला ‘सुप्त उष्णता’ म्हणतात. हल्लीची पुस्तकं ‘अप्रकट उष्मा’ म्हणतात, ते कानाला बोचतं. आणि वाफ आली बाष्पावरूनच, प्राकृतात बप्फ. संस्कृतात बाष्प म्हणजे आसवंसुद्धा.

रबाळे_नाका
आसवं राहू द्या, कॅव्हिटेशनला काय लिहिणार? मेकॅनिक सरसकट ‘पंपाने हवा धरली’ म्हणतात. इथे हवा नसते, पंपाच्या सक्शनला दाब कमी पडून द्रवाचीच वाफ होते. ‘हवा’ लिहिलंत तर व्हॉल्व्ह उघडून ‘एअर काढतील’ आणि चार्ज बाहेर जाईल. रिसीव्हर पंपाच्या वर असला पाहिजे आणि पंपात शिरताना द्रव त्या दाबाच्या उत्कलनबिंदूपेक्षा काही अंश थंड असला पाहिजे.

तत्सम
‘उत्कलनबिंदू’! आलात ना वळणावर. कॅव्हिटेशनला ‘विवरण’.

वाफारा
विवरण म्हणजे स्पष्टीकरण हो! ‘पंपात वाफ धरली’ म्हणा.

तत्सम
धरली कोणी, पंपाने की पंपात?