मदत हवी आहे: गोळी चालू असूनही रात्री छातीत जळजळ

सातपूरकर: पित्ताने वैतागलोय. रात्री आडवं झालं की छातीत जळजळ, आंबट पाणी घशाशी. पहाटे खोकल्याने जाग येते. तिखट-तेलकट सगळं बंद केलंय, गोळीही चालू आहे. काडीचा फरक नाही. रामबाण उपाय असेल तर लवकर सांगा.

मुग्धा_के: कोणती गोळी? कधी घेता? वय? जेवता किती वाजता?

वैद्यप्रेमी: आधी गोळ्या बंद करा. रात्री अविपत्तिकर चूर्ण, सकाळी अनशापोटी मोरावळा. माझं पित्त त्यानेच गेलं.

औषधवाला मामा: परस्पर बंद करायला सांगू नका हो. बरेच दिवस चाललेली गोळी एकदम सोडली की आम्ल पुन्हा जोराने उसळू शकतं.

अंजू७: थंड दूध घ्या, लगेच बरं वाटेल.

औषधवाला मामा: घटकाभर. मग पोट आणखी आम्ल सोडतं.

सातपूरकर: वय ४४. पॅन्टोप्राझोल ४०, जेवल्यावर. दुसरी पाळी असते, घरी येऊन जेवेपर्यंत बारा वाजतात, मग लगेच झोप.

औषधवाला मामा: अहो, हे आधी सांगायचं! ही गोळी जेवणाआधी ३० मिनिटं घ्यायची. जेवताना पोटातले आम्ल सोडणारे पंप सुरू होतात, तेव्हा औषध रक्तात हजर असावं लागतं. जेवण आणि झोपेत तीन तास हवेत. डबा सोबत न्या, संध्याकाळच्या सुट्टीतच पोटभर जेवा. घरी आल्यावर फार तर मूठभर लाह्या.

किरण_पी: दुर्बिणीतून ऑपरेशन करून टाका. आमच्या हिचे खडे काढले, दुसऱ्या दिवशी घरी.

मुग्धा_के: ते पित्ताशयाचे खडे. यांचं आम्ल अन्ननलिकेत चढतंय, त्याचा इथे काय संबंध?

मालवणी_माणूस: सोलकढी प्या रोज. आमच्याकडे पित्ताला दुसरं औषध नाही.

अंजू७: कोकम आंबट असतं, त्यात लसूण-मिरची. जळजळ वाढेल ना?

मालवणी_माणूस: मिरची घालूच नका. आणि बाटलीतलं आगळ नको, त्यात मीठ फार. आमसुलं भिजवून करा, नारळ ताजा खवून.

मुग्धा_के: सोलकढीचा वेगळा धागा काढा. सातपूरकर, दुखण्याच्या गोळ्या घेता का? तंबाखू?

सातपूरकर: गुडघ्यासाठी डायक्लोफिनॅक अधूनमधून. तंबाखू नाही. उशा दोन घेतो, तरी तेच.

औषधवाला मामा: डायक्लोफिनॅकने पोट सोलवटतं, डॉक्टरांना विचारून बदलून घ्या. दोन उशांनी मान वाकते आणि पोट दाबलं जातं. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा लावा, १५-२० सेंमी उंच. डाव्या कुशीवर झोपा.

सातपूरकर: दिवाण आहे, आत गाद्या भरल्यात. विटा कुठे लावू?

औषधवाला मामा: मग सर्जिकलच्या दुकानातून उतरती फोमची उशी आणा, कमरेपासून वर टेकता येते.

मुग्धा_के: थांबा. गिळताना अडकतं का? वजन उतरलंय? शौचाला काळं होतं? चालताना, जिना चढताना छाती भरून येते?

सातपूरकर: बाकी काही नाही. भाकरीचा घास अडकतो कधीकधी, पाणी प्यावं लागतं. पित्तामुळेच असेल ना?

मुग्धा_के: असेलही, पण ते तपासल्याशिवाय कळत नाही. उशी राहू दे. याच आठवड्यात पोटविकारतज्ज्ञांना दाखवा आणि घास अडकतो हे पहिल्यांदा सांगा. एंडोस्कोपी, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून आतली तपासणी, करायला सांगतील.

सातपूरकर: भूल देतात का त्याला? सुट्टी किती टाकू?

अंजू७: माझ्या घशात नुसता स्प्रे मारला होता. रात्रीपासून उपाशी राहायचं. झोपेचं इंजेक्शन दिलं तर त्या दिवशी गाडी चालवू नका, कोणाला तरी सोबत न्या.