जमिनीचा उतारा शोधला आणि जाहिराती मागे लागल्या: कोणते सर्च इंजिन, कोणता अॅड ब्लॉकर?

प्रश्न: खानापूरचा शिक्षक

सर्वांना नमस्कार. मी कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातील एका मराठी प्राथमिक शाळेत शिक्षक आहे. गेल्या महिन्यात वडिलांच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेची माहिती मिळावी म्हणून मी मोबाईलवर दोन-तीनदा शोध घेतला. तेव्हापासून बातम्या उघडा, पाककृती उघडा, अगदी पंचांग उघडा, गुडघ्याच्या पट्ट्यांच्या जाहिराती कधी कन्नडमधून तर कधी हिंदीतून हजर असतात.

तेवढ्यावर भागले असते तर हा प्रश्न विचारला नसता. आमची थोडी जमीन या तालुक्यात आहे आणि थोडी पलीकडे महाराष्ट्रातील चंदगड तालुक्यात. पीककर्जासाठी इथला उतारा हवा म्हणून शोधले, तर सर्वांत वर आलेले संकेतस्थळ सरकारी नव्हतेच, ती जाहिरात होती. ‘प्रायोजित’ हा शब्द इतका बारीक होता की मोबाईल क्रमांक आणि सर्व्हे नंबर भरून झाल्यावर, पैसे मागणारे पान समोर आले, तेव्हा कुठे तो माझ्या नजरेस पडला. पैसे वाचले, पण क्रमांक गेला आणि आता कर्ज देऊ करणारे फोन रोज येतात.

आपल्या शोधांची नोंद न ठेवणारे सर्च इंजिन कोणते, त्यात मराठी नीट शोधता येते का, आणि ते बदलले की जाहिराती थांबतात का? सहकारी म्हणतात की इन्कॉग्निटो (ब्राउझरची खासगी खिडकी) वापरा, तेवढे पुरे. शाळेत क्रोम असलेला लॅपटॉप आहे, माझ्याकडे अँड्रॉइड फोन आहे.

उत्तर १: टिळकवाडी, बेळगाव (संगणक दुरुस्ती)

गुरुजी, आपल्या प्रश्नात दोन निरनिराळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत. आपण काय शोधले, हे सर्च इंजिनला कळते. परंतु पंचांगाच्या पानावर गुडघ्याची पट्टी दाखवणारे जाहिरातींचे जाळे त्या पानांमध्येच बसवलेले असते आणि आपण एका संकेतस्थळावरून दुसऱ्यावर गेलात की तेही आपल्या मागोमाग येते. त्यामुळे सर्च इंजिन कितीही सज्जन निवडले, तरी त्यातून उघडलेले पुढचे पान आपली खबर देतच राहते. दोन्हींपैकी एकच करायचे असेल, तर माझ्या मते आधी अॅड ब्लॉकर, म्हणजे जाहिराती अडवणारे साधन, बसवावा.

त्यासाठी मी ‘यूब्लॉक ओरिजिन’ सांगेन. रेमंड हिल यांनी २०१४ मध्ये सुरू केलेले हे एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचे छोटे साधन, मोफत आहे आणि ते त्यासाठी देणगीही घेत नाहीत. मात्र शाळेच्या लॅपटॉपवर ते चालणार नाही, कारण गूगलने क्रोममध्ये ‘मॅनिफेस्ट व्ही ३’ ही नवी पद्धत आणली आहे. पूर्वी पानाकडून बाहेर जाणारी प्रत्येक मागणी एक्स्टेन्शन स्वतः तपासून अडवू शकत असे. आता त्याने नियमांची यादी ब्राउझरच्या हाती आधीच द्यायची आणि अडवण्याचे काम ब्राउझरने करायचे, असा प्रकार आहे. क्रोमसाठी त्याची ‘लाइट’ आवृत्ती मिळते आणि ती बरी आहे, पण पूर्ण ताकदीचे हवे असेल तर फायरफॉक्स हा दुसरा ब्राउझर घ्यावा. फोनवर तर निवडीचा प्रश्नच नाही, कारण अँड्रॉइडवरील क्रोम एक्स्टेन्शन घेत नाही आणि फायरफॉक्स घेतो.

नाव अचूक पाहूनच बसवा. त्याच्याशी मिळतीजुळती नावे पुष्कळ आहेत, आणि नुसते ‘यूब्लॉक’ नावाचे वेगळे एक्स्टेन्शनही आहे. बसवल्यावर सेटिंगमधील याद्यांच्या पानावर, प्रादेशिक याद्यांमध्ये, भारतीय भाषांसाठीची ‘इंडियनलिस्ट’ आहे, तिच्यापुढे खूण करावी. मराठी आणि कन्नड बातम्यांच्या पानांवर त्याने पुष्कळ फरक पडतो.

इन्कॉग्निटोविषयी थोडक्यात सांगायचे तर ते फक्त आपल्याच यंत्रावरील नोंद पुसते. समोरचे संकेतस्थळ आणि इंटरनेट देणारी कंपनी यांना दिसायचे ते दिसतेच. याच मुद्द्यावर अमेरिकेत २०२० मध्ये दावा झाला आणि २०२४ च्या तडजोडीत गूगलने त्या नोंदी नष्ट करण्याचे मान्य केले.

उत्तर २: निपाणी (सेवा केंद्र चालवते)

वरच्या दादांशी मी सहमत आहे. फक्त सर्च इंजिनबद्दल लिहिते, कारण उताऱ्यासाठी येणारी माणसे मी रोज पाहते.

आपल्याकडे बोलताना सगळे ‘सातबारा’ म्हणतात, पण सातबारा हा महाराष्ट्राचा शब्द आहे. तो टाकला की कोणतेही इंजिन ‘महाभूलेख’ या महाराष्ट्राच्या संकेतस्थळाकडे नेते. खानापूरच्या जमिनीसाठी मात्र कर्नाटकाचे ‘भूमी’ हे संकेतस्थळ लागते, आणि तिथे त्याच कागदाला ‘पहाणी’ किंवा ‘आरटीसी’ म्हणतात. गूगलला आपल्या मागच्या शोधांवरून अंदाज बांधता येतो. नोंद न ठेवणाऱ्या इंजिनला आपण काल काय शोधले तेच ठाऊक नसते, म्हणून राज्याचे आणि तालुक्याचे नाव दर वेळी आपणच लिहावे लागते. माझ्या मते हा त्रास सोसण्याजोगा आहे. नावांचाही गोंधळ आहेच: २०१४ मध्ये बेळगावचे अधिकृत नाव बेळगावी झाले, त्यामुळे सरकारी कागद एका नावाने सापडतात आणि मराठी बातम्या दुसऱ्या नावाने. मी दोन्ही लिहून पाहते.

नोंद न ठेवणाऱ्या इंजिनांपैकी डकडकगो २००८ पासून आहे. तिचे बहुतेक निकाल मायक्रोसॉफ्टच्या बिंगकडून येतात, आणि जाहिराती आपण टाकलेल्या शब्दांवरून दिसतात, पूर्वीच्या वागण्यावरून नव्हे. सेटिंगमध्ये जाऊन त्या बंदही करता येतात. ती अगदी निष्कलंक आहे असे मात्र नाही. मायक्रोसॉफ्टशी असलेल्या करारामुळे तिचा मोबाईल ब्राउझर त्या कंपनीचे काही ट्रॅकर (आपला माग काढणारे तुकडे) अडवत नव्हता, हे २०२२ मध्ये उघड झाले आणि टीका झाल्यावर त्याच वर्षी तिने ते दुरुस्त केले. ब्रेव्ह सर्च २०२१ मध्ये आली. तिची पानांची सूची स्वतःची आहे, पण मराठीत मला ती तोकडी वाटते. नेदरलँड्सची स्टार्टपेज गूगल आणि बिंगकडून निकाल मागवते, पण आपला आयपी पत्ता (इंटरनेटवरील आपल्या जोडणीचा क्रमांक) त्यांना देत नाही. मराठी शोधासाठी मी तीच वापरते.

उताऱ्यासाठी मात्र शोधूच नका. ‘भूमी’ आणि ‘महाभूलेख’ यांचे खरे पत्ते एकदा तलाठ्याकडून लिहून घ्या आणि बुकमार्क करून ठेवा. येणाऱ्या फोनसाठी १९०९ वर डीएनडीची (जाहिरातीचे फोन नकोत अशी) नोंदणी करा.

उत्तर ३: शहापूर, बेळगाव (मराठी पत्रकार)

एक विनंती आहे. सीमाभागातील छोट्या मराठी पत्रांची संकेतस्थळे जाहिरातींवरच चालतात आणि वर्गणी भरणारे वाचक मोजकेच असतात. ज्या पत्रावर आपला विश्वास आहे, त्याच्या पानावर यूब्लॉकच्या चौकटीतील मोठे गोल बटण दाबले की तेवढ्याच संकेतस्थळापुरता अवरोध उठतो. पान भरून उड्या मारणाऱ्या जाहिराती लावणाऱ्यांसाठी मी ही विनंती करत नाही. त्यात आमचे काही व्यवसायबंधूही येतात, हे कबूल करतो.

प्रश्नकर्ता: खानापूरचा शिक्षक

सर्वांचे आभार. फोनवर फायरफॉक्स मराठीतून सुरू केला, यूब्लॉक ओरिजिन बसवले आणि स्टार्टपेज ठेवले. काल वडिलांनी पंचांग उघडून आधी विचारले की पान अर्धेच का आले. जाहिरातींची जागा रिकामी झाली होती, एवढेच. शाळेच्या हजेरीचे संकेतस्थळ मात्र लॉगिननंतर कोरे दिसत होते. वर सांगितलेले गोल बटण तिथे दाबले आणि ते उघडले. लॅपटॉपवर सध्या लाइट आवृत्तीच ठेवली आहे, कारण फायरफॉक्ससाठी मुख्याध्यापकांची परवानगी अजून यायची आहे.