नव्या बँडच्या कार्यक्रमात सामाईक ड्रमकिट सक्तीचं करावं का?

हॉलची_किल्ली
हॉल ऐंशी खुर्च्यांचा, काम सगळं स्वयंसेवकांवर आणि एका संध्याकाळी तीन नवे बँड, अशा ठिकाणी सामाईक किट, म्हणजे सगळ्या बँडना एकच ड्रमसंच, सक्तीचंच हवं. ड्रमकिट, एक बेस अँप आणि एक गिटार अँप हॉलचा. ड्रमरने आणायचं ते स्नेअर (पुढचा छोटा कडक ड्रम), सिंबल (धातूच्या थाळ्या) आणि किकचं (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचं) पेडल, बस्स.

हिशेब वेळेचा आहे. सातला सुरू करून दहाला थांबायचं म्हणजे १८० मिनिटं. प्रत्येकी ४५ धरली तर १३५ वाजवण्यातच गेली. अख्खं किट उतरवून दुसरं चढवायला अर्धा तास लागतो आणि असे बदल दोन. म्हणजे तिसऱ्या बँडची पंधरा मिनिटं कापली जाणार. सामाईक किटवर बदल बारा मिनिटांत होतो. रात्री दहानंतरच्या ध्वनिक्षेपक बंदीतून बंद सभागृहांना सूट आहे, पण ती आतल्या आतल्या आवाजापुरती. रहिवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. पत्र्याचं दार आणि साध्या काचा यांतून किकचा आवाज सहज बाहेर जातो.

डावखुरा_ताल
सक्तीला माझा विरोध आहे. डावखुऱ्या ड्रमरला उजवं किट दिलं की हाय-हॅट (पायाने मिटणारी सिंबलची जोडी), फ्लोअर टॉम (जमिनीवर उभा ड्रम), राइड (मोठं सिंबल) सगळं उलट फिरवावं लागतं, मग तुमची बारा मिनिटं कुठे राहिली? आणि हॉलच्या किटला वाली नसतो. सिंबल स्टँडवरची प्लास्टिकची नळी आणि फेल्ट सगळ्यात आधी हरवतात. मग सिंबल थेट लोखंडी दांड्यावर घासतं, मधलं भोक एका बाजूला झिजत जातं आणि तिथूनच तडा सुरू होतो. हे नुकसान ड्रमरने घरून आणलेल्या महागड्या सिंबलचं होतं, हॉलचं नाही.

वेळ वाचवायला दुसरा मार्ग आहे. सहा बाय सहा फुटांच्या प्लायच्या फळीला लॉकवाली चाकं लावा, वर सतरंजी घाला. दुसऱ्या बँडचं किट पहिला बँड वाजवत असतानाच विंगेत त्या फळीवर जोडून ठेवा. बदलाच्या वेळी फक्त ढकलायचं.

फेडर_खाली
फळीची कल्पना चांगली, पण छोट्या हॉलला मुळात विंगच नसते. शिवाय किट बदललं की माइकही नव्याने लावायचे. आवाज तपासताना शेवटी वाजवणारा बँड सगळ्यात आधी घ्यावा आणि पहिला वाजवणारा शेवटी, म्हणजे पडदा उघडताना मंच पहिल्या बँडसाठी मांडलेलाच असतो. किट एकच असेल तर किकच्या आणि ओव्हरहेडच्या (ड्रमच्या वर टांगलेल्या) माइकचं गेन, म्हणजे आवाज किती वाढवायचा ते, तिन्ही बँडना जवळपास तेच चालतं.

याहून जास्त माइक या आकाराच्या हॉलमध्ये लावूच नका. स्नेअर माइकशिवायच मागच्या भिंतीपर्यंत पोचतो. उघडे माइक दुप्पट झाले की स्पीकरचा आवाज माइकमध्ये शिरून शिट्टी येण्याआधी आवाज वाढवायची जागा ३ डेसिबलने कमी होते, आणि ती गायकाच्या वाट्यातून जाते. नव्या बँडचे शब्द ऐकू येत नाहीत, याचं कारण बहुतेक वेळा हेच. मॉनिटर, म्हणजे कलाकारांकडे तोंड केलेला स्पीकर, तोही नीट ठेवा: साध्या कार्डिऑइड (समोरचं ऐकणाऱ्या) माइकच्या बरोबर पाठीमागे, सुपरकार्डिऑइड (आणखी अरुंद पट्ट्यातलं ऐकणारा) असेल तर पाठीमागून थोडा बाजूला.

शाई_पुडी
तुम्ही तिघं फक्त ड्रमवाल्या बँडचा विचार करताय. मराठीत गाणाऱ्या कितीतरी नव्या बँडमध्ये ढोलकी, तबला, संबळ असतो. त्यांच्यासाठी मंचाच्या मधोमध उभं किट म्हणजे अडचण. तबला ड्रमच्या शेजारी बसवला की तबल्याच्या माइकमधून क्रॅश (जोरात वाजवायचं) सिंबलच जास्त ऐकू येतं. तबलजीला पुढच्या कडेला बसवा आणि माइक पुडीपासून वीतभराच्या आत ठेवा.

बदलाची वेळही वेगळी मोजावी लागते. पावसाळी हवेत पुडी ओल धरते, तबला उतरतो. बाहेर दमट, आत एसी, म्हणून जोडी निदान अर्धा तास आधी हॉलमध्ये आणून ठेवावी आणि हातोडीचं काम मंचामागे उरकावं. मंचावर गठ्ठे ठोकत बसायला बारा मिनिटं पुरत नाहीत.

हॉलची_किल्ली
शाई_पुडी यांचं पटलं. ड्रम नसलेला बँड पहिला ठेवला तर किट मागे सरकवून झाकता येईल. पण डावखुरा_ताल, दुरुस्तीचा मुद्दा देखभालीचा आहे, सक्तीचा नाही. नळ्या, फेल्ट, विंगनट यांची एक डबी किटजवळ ठेवायची, किकचं एक जादा हेड (कातडं) ठेवायचं आणि पेडलचा बीटर (ठोकणारा गोळा) लागतो तिथे चिकटपट्टा लावायचा.

डावखुरा_ताल
डबी कोण तपासणार ते नावानिशी ठरवा, नाहीतर महिन्याभरात ती रिकामी होते. अमेरिकेतल्या बर्कलीचा ९२४ गिलमन हा संगीताचा क्लब घ्या, ते ठिकाण १९८६च्या ३१ डिसेंबरला सुरू झालं आणि ते स्वयंसेवकांच्याच जिवावर टिकलं. अशा जागी कामं वाटलेली असली तरच गाडी चालते. आणि बेस अँप बंद पडला तर बेस गिटार अँपमध्ये खुपसू देऊ नका, स्पीकरचा शंकू फाटू शकतो. डीआय बॉक्समधून (गिटारचा सिग्नल मिक्सरजोगा करणाऱ्या डबीतून) थेट मिक्सरला द्या.

माझी मागणी एवढीच: सामाईक किट ठेवा, पण डावखुऱ्याला स्वतःचं किट आणायची मुभा आणि क्रमात पहिली जागा द्या.

फेडर_खाली
पहिली जागा दिली तर त्याचं किट उतरवून हॉलचं किट चढवायचा अर्धा तास पहिल्याच बदलात जाईल. त्याला शेवटी ठेवलं तरी तो अर्धा तास कुठेतरी जाणारच. त्यापेक्षा हॉलच्याच किटच्या डावखुऱ्या मांडणीचे पाय सतरंजीवर वेगळ्या रंगाच्या पट्टीने आखून ठेवा. उजव्याला पांढरी, डाव्याला लाल. फिरवणं चार-पाच मिनिटांत होतं.




डावखुरा_ताल
टॉमचे माउंट (ड्रम अडकवायच्या जागा) ही पट्टीने आखणार असाल तर मान्य.