पळताना गाण्यांचा प्लेयर कुठे अडकवायचा? आपल्या हवेत आर्मबँड नकोच!

भाट्येकर:
रत्नागिरीजवळ भाट्याच्या किनाऱ्यावर सकाळी पळणारे हल्ली वाढलेत, याचा आनंद आहे. पण बहुतेकांच्या दंडाला आर्मबँड, म्हणजे फोन ठेवायचा पट्टा, दिसतो आणि माझा त्यालाच विरोध आहे. ही वस्तू कोरड्या हवेत ठीक. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पहाटेसुद्धा अंग चिकचिकतं. त्याच्या निओप्रीनमधून, म्हणजे रबरी कापडातून, हवा खेळत नाही, आत घाम साचतो, पट्टा कोपराकडे घसरतो. मग आपण तो आवळतो आणि दंडावर लाल चट्टा उठतो. वेल्क्रोची आकड्यांची बाजू नीट बघा, बारीक वाळू आणि सुरूच्या काड्या अडकलेल्या असतात. असा पट्टा धरणार कसा?

कपड्याला अडकवायचा क्लिपवाला छोटा प्लेयर घ्या. ॲपलचा आयपॉड शफल २००६ मध्ये क्लिपसकट आला तेव्हा त्याचं वजन १६ ग्रॅमच्या आत होतं. आयपॉड २०२२ मध्ये बंद झाले, पण क्लिपचे इतर प्लेयर मिळतात. दोनशे ग्रॅमचा फोन दंडाला बांधून पळायची काय गरज?

चिवलाकिनारी:
माका दंडाक बांधलेलोच बरो वाटता. कमरेक बांधल्यार तो नुसतो थयथय नाचता.

आता सगळ्यांसाठी लिहितो. दादा, चट्टा उठतो तो पट्टा उघड्या कातडीवर बांधल्यामुळे. पूर्ण बाहीचा पातळ टी-शर्ट घाला आणि बाहीवरून बांधा. घसरत नाही, घासतही नाही. घरी आल्यावर साध्या पाण्यात खळबळून सावलीत वाळवायचा, वेल्क्रोतली वाळू जुन्या टूथब्रशने काढायची. एवढंही करायचं नसेल तर कुठलीच वस्तू टिकणार नाही. आणि क्लिपचा प्लेयर अडीअडचणीला घरी फोन लावणार आहे का? पहाटे किनाऱ्यावर चिटपाखरू नसतं.

हर्णैची_लेक:
फोन जवळ हवा, हे शंभर टक्के पटलं. बाईमाणसाने तर फोनशिवाय अंधारात बाहेर पडूच नये. पण दंडावर नको. तिथे तो सगळ्यांना दिसतो आणि घाईत काढताही येत नाही. मी कमरेचा रुंद, ताणणारा पट्टा वापरते, टी-शर्टच्या आत. लोंबता पाउच नाचतो, तो वेगळा प्रकार. हा अंगाला चिकटून बसतो.

आणि रस्त्यावर पळणाऱ्यांनो, दोन्ही कान बंद करू नका, कळकळीने सांगते. आमच्याकडचे रस्ते अरुंद, वळणावळणाचे. वळणापलीकडून एसटी आली तर आधी हॉर्नच ऐकू येतो.

चिवलाकिनारी:
ताई, टी-शर्टच्या आत कमरेला पाठीवरचा सगळा घाम उतरतो. तिथे फोन म्हणजे त्याला आंघोळच.

हर्णैची_लेक:
म्हणून तो आधी झिपच्या पिशवीत जातो, मग पट्ट्यात. पिशवीत असला तरी रिंग ऐकू येते.

गुहागरवाला:
जागेच्या भांडणात एक मुद्दा राहिला. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झवर चालतं आणि त्या लहरी शरीरातलं पाणी शोषून घेतं. फोन डाव्या कमरेला आणि सिग्नल पकडणारा इअरफोन उजव्या कानात असेल तर गाणं तुटतं. दोन्ही एकाच बाजूला ठेवून बघा. या बाबतीत दंड कमरेपेक्षा बरा, अंतर कमी पडतं.

दुसरं, ‘वॉटरप्रूफ’ शब्दावर विसंबू नका. खोक्यावरचा आयपीएक्स७ हा दर्जा म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकणं, पण ती चाचणी गोड्या पाण्यात होते. माझ्या प्लेयरच्या चार्जिंगच्या पिनांवर हिरवा थर चढला, तेव्हा कंपनीने खाऱ्या पाण्याचं कारण दाखवून वॉरंटी नाकारली. खोक्यावर लाटांचं चित्र मात्र छापलेलं होतं! याचा राग अजून आहे. ओल्या पोर्टला चार्जर कधीच लावू नका. क्लिपवाल्यांनाही सांगतो, स्वस्तातल्या क्लिपची स्प्रिंग आपल्या हवेत गंजते.

भाट्येकर:
फोन जवळ असावा हे मान्य. तो ताईंसारखा पिशवीत बंद राहू दे, गाण्यासाठी क्लिपचा प्लेयर वेगळा. कारण पावसाचं कोणीच बोललं नाही. जूनपासून टचस्क्रीनवर थेंब पडले की बोट कुठे आणि थेंब कुठे हे तिला कळत नाही. गाणं बदलायला आडोसा शोधत थांबायचं का? क्लिपच्या प्लेयरला बटणं असतात, न बघता दाबता येतात.

चिवलाकिनारी:
बटणं इअरफोनच्या वायरवरही असतात, दादा. आर्मबँड राहणार.